घंटा उलटी का वाजली?



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेच्या दहावीतील चार विद्यार्थ्यांनी मांडलेली विजेची घंटा पुष्कळ पालकांनी पाहिली आणि तिचे कौतुकही केले. बटण दाबले की हूटर पाच सेकंद वाजावा आणि आपोआप थांबावा, एवढेच तिचे काम. पण प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळी ही घंटा अगदी उलट वागत होती. वीज जोडली रे जोडली की हूटर सुरू, आणि बटण दाबले की पाच सेकंद शांतता! पाच सेकंद झाले की पुन्हा तोच आवाज. आमचे शिपाईकाका धावत वर आले आणि म्हणाले, "सर, आज सुट्टी दोनदा द्यायची आहे का?" मुलांचे चेहरे मात्र पाहवत नव्हते.

पुढे ती घंटा दुरुस्त झाली. पण चूक कोठे होती, ते सांगितल्यावर काही पालकांनी आणि धाकट्या वर्गांतील मुलांनी सविस्तर लिहिण्याचा आग्रह धरला. चूक तारेत नव्हती, हूटरमध्ये नव्हती, बॅटरीतही नव्हती. ती संगणकावर काढलेल्या एका लहानशा चित्रात होती. ते चित्र मुलांनी स्वतः काढलेले होते, म्हणून हा लेख.

आधी एक कबुली. आमचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. रेझिस्टरला आम्ही 'प्रतिरोध' म्हणत शिकलो. मराठी पुस्तकात त्याचा 'रोध' होतो आणि इंदूरच्या बाजारात दुकानदार नुसते 'रजिस्टन्स' म्हणतो. तिन्ही शब्द आमच्या वर्गात सुखाने नांदतात. तेव्हा या लेखात जो शब्द मुलांच्या तोंडी आहे तोच वापरला आहे. भाषाशुद्धीच्या आग्रही वाचकांनी क्षमा करावी.

सर्किट बोर्ड म्हणजे काय, हे रेडिओ किंवा टीव्हीचे झाकण उघडलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. एका पातळ पाटीवर तांब्याच्या रेघा असतात. त्या रेघा तारांचे काम करतात, आणि पाटीला पाडलेल्या भोकांत सुट्या भागांचे पाय घालून ते सोल्डर केलेले असतात. पूर्वी या रेघा आम्ही तांबे चढवलेल्या पाटीवर रंगाने हाताने काढत असू आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावणात पाटी बुडवून उरलेले तांबे विरघळवत असू. आता रेघा संगणकावर आखतात. आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी 'कायकॅड' हे सॉफ्टवेअर वापरतात. ते विनामूल्य आणि मुक्त आहे. फ्रान्समधील ग्रनोबल येथे अध्यापन करणाऱ्या ज्याँ-पिएर शारास यांनी 1992 मध्ये ते लिहायला घेतले आणि 2013 पासून जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रसिद्ध संशोधन संस्थेनेही त्याच्या विकासाला हातभार लावला. ज्या सॉफ्टवेअरवर मोठमोठे अभियंते काम करतात तेच आपल्या मुलांना एक पैसा न देता मिळते, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

आता 'पार्ट' म्हणजे काय ते पाहू. संगणकाला खरा रिले किंवा खरा ट्रान्झिस्टर दिसत नाही. त्याच्याजवळ प्रत्येक भागाची दोन चित्रे असतात. पहिले म्हणजे चिन्ह, आपण वहीत सर्किट काढताना काढतो तसे. रेझिस्टरची नागमोडी रेघ, डायोडचा त्रिकोण. हे चिन्ह भाग काय काम करतो ते सांगते. त्याचा आकार, लांबी-रुंदी यांच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसरे चित्र म्हणजे फूटप्रिंट. पाटीवर त्या भागाचे पाय नेमके कोठे टेकतील, भोके किती मोठी असतील, भोवती तांब्याची टिकली केवढी असेल आणि भाग किती जागा अडवील, ते हे चित्र मिलिमीटरमध्ये सांगते. टिकलीला 'पॅड' म्हणतात.

या दोघांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे क्रमांक. चिन्हाच्या प्रत्येक पायाला क्रमांक असतो आणि फूटप्रिंटच्या प्रत्येक पॅडलाही. पंगत आठवा. एकाच्या हातात यादी आहे : पहिल्या पाटावर आजोबा, दुसऱ्यावर व्याही, तिसऱ्यावर जावई. दुसऱ्याने पाट मांडून त्यांवर खडूने आकडे टाकले आहेत. यादी बरोबर, पाटही बरोबर. पण आकडे टाकणाऱ्याने दुसऱ्या टोकाकडून मोजायला सुरुवात केली असेल तर जावई आजोबांच्या पाटावर. यादी तपासून ही चूक सापडत नाही आणि पाट मोजूनही सापडत नाही. दोन्ही एकमेकांशेजारी धरून पाहावी लागतात. चिन्ह आणि फूटप्रिंट यांचे अगदी असेच आहे.

कायकॅडबरोबर तयार पार्टांचा मोठा संग्रह येतो. त्याला लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी फक्त वाचण्यापुरती असते, तीत आपण फेरफार करू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्याला काही बदलायचे असेल तर तो पार्ट आपल्या स्वतःच्या लायब्ररीत उतरवून घ्यायचा आणि तेथे बदल करायचा. मुलांनी शाळेच्या नावाची अशी एक लायब्ररी उघडली आहे.

घंटेसाठी त्यांना लागला बाजारात सर्वत्र मिळणारा निळा, चौकोनी, पाच पायांचा 12 व्होल्टचा रिले. रिलेवर छापलेले नाव लायब्ररीत शोधले, ते सापडले नाही. मग मुले म्हणाली, आपणच करू. खरे तर तेवढ्याच मापाचा, तसाच रिले दुसऱ्या एका कंपनीच्या नावाने त्या लायब्ररीत होता. नाव न शोधता आकार आणि पायांची मांडणी शोधली असती तर सापडला असता. हे आम्हाला मागाहून कळले. तेव्हा पार्ट करायला बसण्यापूर्वी अर्धा तास शोधण्यात घालवावा, असा आता आमचा नियम आहे. पण स्वतः पार्ट केल्याने मुले जे शिकली ते शोधून शिकली नसती, हेही खरे.

रिले म्हणजे विजेने हलणारे बटण. आत एक तारेची गुंडाळी असते. तिला दोन पाय. उरलेले तीन पाय बटणाचे : एक सामाईक, एक एरवी जोडलेला आणि एक एरवी सुटलेला. गुंडाळीला वीज नसताना सामाईक पाय 'एरवी जोडलेल्या'शी जोडलेला असतो. वीज दिली की आतली पट्टी 'टक' आवाज करून सरकते आणि सामाईक पाय दुसऱ्याशी जोडला जातो. या रिलेच्या पायांवर क्रमांक छापलेले नसतात, म्हणून मुलांनी वहीत आपले क्रमांक ठरवले : 1 सामाईक, 2 आणि 5 गुंडाळी, 3 एरवी सुटलेला, 4 एरवी जोडलेला. चिन्ह याप्रमाणे काढले. ते अगदी बरोबर होते.

मग फूटप्रिंट. एका विद्यार्थिनीचे वडील पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांनी व्हर्नियर कॅलिपर आणून दिला आणि तो कसा धरायचा तेही शिकवले. मुलीने रिले टेबलावर उताणा ठेवला, पाय वर, आणि एकेक अंतर मोजून कागदावर उतरवले. सामाईक पाय मधोमध एका टोकाला. त्याच्यापासून सुमारे 2 मिलिमीटर आत, दोन्ही बाजूंना गुंडाळीचे पाय, एकमेकांपासून 12 मिलिमीटरवर. पलीकडच्या टोकाला, सामाईक पायापासून सुमारे 14.2 मिलिमीटरवर, उरलेले दोन पाय, त्यांच्यातही 12 मिलिमीटरचे अंतर. मोजमाप निर्दोष होते. मग मल्टिमीटर लावून कोणता पाय एरवी जोडलेला ते पाहिले आणि कागदावर 4 लिहिले. तेही बरोबर.

आणि तरीही फूटप्रिंट चुकला. कारण पाटीवर रिले उताणा बसत नाही, पालथा बसतो. संगणक पाटीकडे वरून पाहतो आणि मुलीने रिलेकडे खालून पाहिले होते. आपण हात उताणा धरला की अंगठा ज्या बाजूला, पालथा केला की त्याच्या विरुद्ध बाजूला जातो, तसे. कागदावर जेथे 4 होता तेथे खरे म्हणजे 3 यायला हवा होता.

येथे एक गंमत लक्षात घ्या. हीच चूक आठ पायांच्या आयसीत झाली असती तर लगेच पकडली गेली असती, कारण तो धड चाललाच नसता. पण या रिलेची मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी आहे. मधोमध एक रेघ ओढली तर डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब. त्यामुळे उलटा फूटप्रिंटसुद्धा रिलेच्या पायांना तंतोतंत बसतो. गुंडाळीचे दोन पाय उलटसुलट झाले तरी तिला फरक पडत नाही. फक्त 3 आणि 4 यांची अदलाबदल होते. रिले बसतो, 'टक' वाजतो, सगळे ठीक दिसते, आणि घंटा जेव्हा गप्प राहायची तेव्हा वाजते.

त्या सायंकाळी आम्हाला हे काही ठाऊक नव्हते. मुलांनी ज्या क्रमाने शोध घेतला तो आम्हाला फार आवडला, म्हणून सांगतो. पहिला संशय 555 या आयसीवर. हा टायमर आयसी 1972 पासून बाजारात आहे आणि अजूनही शाळेच्या प्रयोगांत त्याच्यावाचून चालत नाही. पाच सेकंद मोजण्याचे काम त्याचे. 470 किलोओहम रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की 1.1 गुणिले 470 हजार गुणिले 10 दशलक्षांश, म्हणजे सुमारे 5.2 सेकंद येतात. त्याच्या तिसऱ्या पायावर मल्टिमीटर लावला : एरवी शून्य, बटण दाबल्यावर पाच सेकंद दहा व्होल्टच्या वर. म्हणजे आयसी निर्दोष. बटण दाबताच रिले 'टक' करतो, म्हणजे ट्रान्झिस्टरही निर्दोष.

दुसरा संशय आमचा होता, आणि तो चुकीचा होता. आम्ही तांब्याच्या रेघांचे चित्र लेझर प्रिंटरवर कागदावर काढतो आणि इस्त्रीच्या उष्णतेने त्याची शाई पाटीवर उतरवतो. या पद्धतीत चित्र उलटे-सुलटे होण्याचा धोका नेहमीच असतो. आम्ही म्हटले, छापताना आरसा-प्रतिमा झाली असणार. त्यावर त्या मुलीने शांतपणे उत्तर दिले, "सर, सगळी पाटी उलटी झाली असती तर आयसीसुद्धा उलटा झाला असता. तो तर चालतोय. म्हणजे एकटा रिलेच उलटा आहे." एवढे बोलून ती गप्प झाली, आणि मग हळूच म्हणाली, "तो मी काढला होता."

त्या रात्री एक रेघ ब्लेडने कापली, तारेचा एक तुकडा सोल्डर केला आणि घंटा सुरळीत झाली. प्रदर्शन पार पडले.

सोमवारी आम्ही पाटी पुन्हा मागितली तेव्हा मुलांना नवल वाटले. "सर, आता चालतंय ना?" चालत होते खरे. पण चूक पाटीत नव्हती, पाटी तिचा फक्त परिणाम होती. चुकीचा रिले शाळेच्या लायब्ररीत तसाच बसला होता. आणि चौकशी करता कळले की नववीच्या एका गटाने तो पेन ड्राइव्हवर उतरवून आपल्या प्रकल्पात वापरलाही होता. त्यांचा प्रकल्प कुंडीतल्या झाडाला पाणी देण्याचा : माती सुकली की लहान पंप सुरू व्हावा. त्या उलट्या रिलेने काय झाले असते? ओल्या मातीत पंप चालू, आणि माती सुकली की बंद. सुट्टीत कोणी नसताना कुंडी, टेबल आणि खालची जमीन सगळे जलमय! नशिबाने त्यांची पाटी अजून द्रावणात गेली नव्हती.

तेव्हा दुरुस्ती कशी करायची ते नीट पाहू, कारण येथेच बहुतेकांची गल्लत होते. कायकॅडमध्ये पाटीच्या चित्रावरच्या एखाद्या भागात तेथल्या तेथे बदल करता येतो. मोह तोच होतो. पण तो बदल फक्त त्या पाटीपुरता राहतो, आणि पुढे कोणी लायब्ररीतून भाग ताजे करण्याची आज्ञा दिली की जुनी चूक परत येऊन बसते. म्हणून आधी आपली लायब्ररी उघडायची, फूटप्रिंट संपादकात जाऊन पॅडचे क्रमांक बदलायचे (आमच्या बाबतीत 3 चा 4 आणि 4 चा 3, तसेच नीटनेटकेपणासाठी 2 आणि 5), साठवायचे; मग पाटीच्या चित्रात येऊन 'लायब्ररीतून फूटप्रिंट अद्ययावत करा' ही आज्ञा द्यायची. चिन्हाचेही तेच. सर्किटच्या चित्रात चिन्हाची एक प्रत आत साठवलेली असते. लायब्ररीत चिन्ह सुधारले म्हणून ती आपोआप सुधारत नाही, तिलाही वेगळी आज्ञा द्यावी लागते.

फूटप्रिंट बदलल्यावर जुन्या रेघा आता चुकीच्या पॅडला टेकतात. सॉफ्टवेअरची नियम-तपासणी चालवली की तेथे शॉर्ट झाल्याच्या खुणा उमटतात. घाबरू नये. तपासणी आपले काम करते आहे. त्या रेघा पुसून नव्याने आखायच्या.

एका मुलाने चांगला प्रश्न विचारला : फूटप्रिंट तसाच ठेवून चिन्हावरचे आकडे बदलले तर? पाटी चालली असती, यात शंका नाही. दोन चुका मिळून एक बरोबर झाले असते. पण पुढे कोणी तो उलटा फूटप्रिंट दुसऱ्या चिन्हाबरोबर वापरला असता तर पुन्हा घंटा उलटी. म्हणून चिन्ह आणि फूटप्रिंट यांपैकी कोणते हातातल्या वस्तूशी जुळत नाही ते आधी ठरवावे आणि तेच बदलावे.

दुरुस्तीच्या नावाखाली तोंड बंद करण्याचा एक प्रकार मुलांनी याआधीही केला होता. सर्किटची विद्युत-तपासणी चालवली की सॉफ्टवेअर तक्रार करते : 555 च्या वीज घेणाऱ्या पायाला वीज पुरवणारे कोणी दिसत नाही. अडॅप्टर तर जोडलेला असतो. पण तो ज्या सॉकेटमधून येतो ते सॉकेट सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नुसता धातूचा तुकडा असते. तेथून वीज येते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. एका विद्यार्थ्याने काय केले, 555 ची आपल्या लायब्ररीत प्रत घेतली आणि त्या पायाचा प्रकार बदलून 'निष्क्रिय' करून टाकला. तक्रार गेली! पण त्याबरोबर ती प्रत वापरणाऱ्या पुढच्या प्रत्येकाची ती सावधगिरीही गेली. कोणी वीज जोडायला खरोखरच विसरला तरी आता सॉफ्टवेअर बोलणार नाही. योग्य उपाय सोपा आहे. लायब्ररीत 'पॉवर फ्लॅग' नावाची एक खूण मिळते. ती विजेच्या रेघेवर आणि जमिनीच्या रेघेवर एकदा लावायची, म्हणजे वीज येथून येते हे सॉफ्टवेअरला कळते.

चिन्ह काढताना आणखी एक जपायचे. पडद्यावर ठिपक्यांची जाळी असते. चिन्हांच्या पायांची टोके 1.27 मिलिमीटरच्या जाळीवरच ठेवावीत. मुलांनी हूटरच्या जोडणीचे चिन्ह देखणे दिसावे म्हणून बारीक जाळीवर काढले. मग तार त्याच्या पायाला टेकलेली दिसे, पण टेकलेली नसे. डोळ्यांना न दिसणारी फट सॉफ्टवेअरला दिसते.

मापांतली एक चूक दुसऱ्या गटाने केली, ती आकड्यांनी समजावण्याजोगी आहे. दोन ओळींच्या एलसीडी पडद्याला एका रांगेत 16 पाय असतात. दोन पायांतले अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे 2.54 मिलिमीटर. मुलांनी व्हर्नियरने एकच अंतर मोजले आणि 2.5 लिहिले. चार शतांश मिलिमीटर म्हणजे काय ते? पण 16 पायांत 15 अंतरे; खरी लांबी 38.1 मिलिमीटर आणि त्यांची 37.5. रांगेच्या टोकाला सहा दशांश मिलिमीटरचा फरक पडला. ते पाय चौकोनी असतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 0.9 मिलिमीटर, आणि भोक 1 मिलिमीटरचे. म्हणजे हलायला जागा अवघी दशांश मिलिमीटर. मधले पाय गेले, टोकाचे वाकले. चार पायांच्या भागात हीच चूक पचून गेली असती. म्हणून पहिल्यापासून शेवटच्या पायापर्यंत एकदम मोजावे आणि अंतरांच्या संख्येने भागावे. पुष्कळ भाग इंचाच्या हिशेबाने घडलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

भोकांची मापेही अशीच. पाव वॅटच्या रेझिस्टरची तार साधारण 0.6 मिलिमीटर, 1एन4007 या डायोडची 0.8. एकाचा फूटप्रिंट दुसऱ्याला वापरला की तार आत जात नाही. तारेच्या सर्वांत जाड मापापेक्षा भोक निदान 0.2 मिलिमीटर मोठे ठेवावे. आम्ही भोके हाताच्या ड्रिलने पाडतो, हात थोडा हलतोच, म्हणून शाळेच्या लायब्ररीत तांब्याच्या टिकल्या मुद्दाम मोठ्या ठेवल्या आहेत.

ट्रान्झिस्टरविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण येथे अनुभवी माणूसही फसतो. बीसी547 ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. तो मिळाला नाही म्हणून कोणी प्लास्टिकच्या टोपीतला पीएन2222ए आणला, तर त्याचा क्रम एमिटर, बेस, कलेक्टर. आणि त्याच्या नावात मध्ये फक्त दोनाचा आकडा घातलेला, पी2एन2222ए, घेतला तर क्रम पुन्हा कलेक्टर, बेस, एमिटर! टोपी तीच, आकार तोच. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पुरता बंद पडत नाही, अर्धवट चालतो, आणि अर्धवट चालणारी वस्तू दुरुस्त करणे सर्वांत अवघड. दुकानदाराने 'एकच आहे' म्हणून दिलेला भाग पुडीतून काढताच त्याच्या टोपीवरचे नाव वाचावे, त्या नावाचे माहितीपत्रक उघडावे आणि त्याप्रमाणे चिन्ह निवडावे. माहितीपत्रकातही चित्राखाली 'वरून' की 'खालून' ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. रिलेच्या वेळी आम्ही ते वाचले असते तर हा लेखच लिहावा लागला नसता.

आता आमच्या प्रयोगशाळेत नवा पार्ट लायब्ररीत जाण्यापूर्वी त्याची कागदावर परीक्षा होते. फूटप्रिंट खऱ्या मापात छापायचा. छापताना 'पानात बसवा' ही खूण काढायची, नाहीतर चित्र थोडे आक्रसते. शेजारी 100 मिलिमीटरची एक रेघ छापून ती पट्टीने मोजायची. मग कागद थर्मोकोलवर ठेवून भागाचे पाय वरून कागदात खुपसायचे. बसले की निम्मी परीक्षा झाली. पूर्वी आम्ही येथेच थांबत होतो, आणि आमचा उलटा रिले या परीक्षेत पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला असता. म्हणून पुढची पायरी त्या मुलीनेच सुचवली. कागदावर पॅडचे क्रमांक ठळक छापायचे, पाय खुपसल्यावर कागद आणि भाग एकत्र थर्मोकोलवरून उचलायचा, आणि खालून बाहेर आलेल्या पायांना मल्टिमीटर लावायचा. रिलेच्या 1 आणि 4 या क्रमांकांच्या भोकांतून आलेले पाय एकमेकांशी जोडलेले असल्याची 'बीप' वाजली पाहिजे. 1 आणि 3 मध्ये वाजता कामा नये. 2 आणि 5 मध्ये सुमारे 400 ओहम दिसले पाहिजेत. डायोडला पट्टीची बाजू 1 क्रमांकाच्या भोकात येते का ते पाहायचे, कारण कायकॅडच्या लायब्ररीत डायोडचा पहिला पाय पट्टीकडचा असतो. ज्याने पार्ट काढला त्याने ही परीक्षा घ्यायची नाही; दुसऱ्याने घ्यायची आणि वहीत सही करायची. पहिल्या पानावर रिलेची नोंद आहे, तिच्यासमोर जुना फूटप्रिंटही चिकटवून ठेवला आहे.

पालकांनी विचारले म्हणून सांगतो : विद्यार्थ्यांचे सर्व प्रकल्प 12 व्होल्ट किंवा त्याहून कमी विजेवर चालतात. घरातील 230 व्होल्टचा मुख्य पुरवठा कोणत्याही विद्यार्थ्याच्या पाटीला जोडला जात नाही. उलटा रिले हूटरला जोडला तर कान किटतात. मुख्य पुरवठ्याला जोडला तर काय होईल, ते पालकांना सांगायला नको.

नववी व दहावीच्या ज्या विद्यार्थ्यांनी प्रदर्शनापूर्वी शाळेच्या लायब्ररीतून रिलेचा पार्ट पेन ड्राइव्हवर अथवा घरच्या संगणकावर उतरवून घेतला असेल, त्यांनी येत्या शनिवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत येऊन तो बदलून घ्यावा. ज्यांची पाटी तयार झाली आहे त्यांनी पाटीही बरोबर आणावी. कापायची रेघ कोणती, ते दाखवण्यासाठी दहावीचे विद्यार्थी तेथे थांबतील.